लाल ठिपक्याचा हुंकार

बसा. तिथं नको, तो नळ गार पडलाय. इकडं या, ह्या गरम नळाला पाठ लावा. उद्या तुम्ही चौकीवर निघालात. बर्फगाडी तुम्हाला तिथं सोडून माघारी वळली, की बदली येईपर्यंत माणसाचं तोंड दिसायचं नाही. म्हणून जायच्या आधी एक गोष्ट ऐकून जा. त्याच चौकीची आहे, तुम्ही ज्या खाटेवर झोपणार त्याच खाटेवर झोपलेल्या माणसाची आहे. अट एकच. मधे मधे हं म्हणत राहायचं. हं थांबलं की गोष्ट थांबली.

त्या माणसाचं नाव सटवाजी गुंजाळ. पंपवाला. हाडानं दणकट, तोंडानं तिरसट. कुणी नमस्कार केला तरी ‘काय काम आहे?’ असं विचारणारा.

तुम्ही पृथ्वीवरनं नवीन आलात, म्हणून थोडं मागचं सांगतो. गॅनिमीडवर पहिल्यांदा एकच तळ होता. सगळी माणसं एका चुलीवर जेवायची. मग बर्फात खोल उष्णविहीर खणली, ऊब मिळायला लागली, आणि एका पाळीला ती विहीर फुटली. बरीच माणसं गेली. निम्मे म्हणाले, त्यांनी झडप उघडी ठेवली. निम्मे म्हणाले, यांनी दाब वाढवला. हे इतकं पेटलं की निम्मा तळ उठून कड्यापलीकडं राहायला गेला. तेव्हापासून आपण अलीकडले, ते पलीकडले. कड्याच्या दोन अंगांना दोन चौक्या, दर चौकीत एक माणूस.

सटवाजीचा धाकटा भाऊ हिरामण त्या विहिरीत गेला. पाळी सटवाजीची होती, पण त्याला ताप होता म्हणून हिरामण उतरला. त्यानंतर सटवाजी चौकीची पाळी मागून घ्यायला लागला. दुसरा कुणी मागायचा नाही, हा सोडायचा नाही.

एका खेपेला गाडीत चढताना हिरामणच्या पोरीनं, मैनेनं, त्याच्या पिशवीत एक पुस्तक कोंबलं. वयात येणाऱ्या पोरांसाठी असतात ना तसल्या कादंबऱ्या, त्यातली. सटवाजीनं वाटेत चाळलं आणि त्याचं डोकं फिरलं. शुक्राच्या ढगांत दोन तरंगती गावं, दोघांचं हाडवैर. एका गावची पोरगी ओवी, दुसऱ्या गावचा पोरगा शार्दूल. एकाच मोडक्या फुगेनावेत अडकलेत. हवेची टाकी हिच्याकडं, सुकाणू त्याच्याकडं. एकमेकांना ढकलून द्यायला टपलेले, आणि शेवटी म्हणे जोडीनं लढतात. ज्या पोरीचा बाप पलीकडल्यांनी मारला असं अख्खा तळ म्हणतो, तिनं असलं वाचावं? त्यानं पुस्तक खाटेखाली भिरकावलं.

पण चौकी चौकी असते. तुम्हाला कळेलच. पंपाची घरघर, बर्फाचं कण्हणं, आणि आपलाच श्वास. थोड्या दिवसांत माणसाला आपला आवाज विसरायला होतो. एकदा जेवताना सटवाजी खोकला आणि स्वतःच दचकला. मग त्यानं गुपचूप पुस्तक बाहेर काढलं. मोठ्यानं वाचू, म्हणजे घसा तरी गंजायचा नाही.

आता अडचण दिव्याची. छताचा दिवा मिणमिणता, सटवाजीची नजर अधू. हातदिवा होता, पण टेबलाजवळ वीजजोड एकच, आणि त्याच्यावर श्रवणपेटी लावलेली.

ही श्रवणपेटी नीट समजून घ्या. तळ एक होता तेव्हा काचतंतूची एक तार पुरली होती, आपल्या चौकीपासनं त्यांच्या चौकीपर्यंत. भांडण मिटवताना ठरलं की या तारेतनं कुणी एक शब्दही पाठवायचा नाही. ऐकायचं नाही असं मात्र कुणी ठरवलं नव्हतं. म्हणून आपण आपल्या टोकाला कान लावणारी पेटी बसवली. इतकी वर्षं तिच्यातनं काय ऐकू आलं? खरखर. वाळू चाळावी तशी नुसती खरखर.

सटवाजी म्हणाला, ही खरखर ऐकायला वीज कशाला? त्यानं पेटी उपटली, दिवा लावला. आठवड्यातनं एकदा तळाशी बोलणं व्हायचं, तेवढ्यापुरती पेटी जोडायची, तळावरच्या साहेबांना खरखर ऐकवायची, परत काढायची. पेटीतनं निघालेलं तारेचं टोक टेबलावर लोंबत राहिलं.

आणि तो वाचायला बसला. त्याच्या वाचण्याला एक खोड होती. एक परिच्छेद झाला की थांबायचा. लहानपणी हिरामणला झोपवताना हाच गोष्टी सांगायचा, आणि त्यांच्या घरची रीत होती की ऐकणाऱ्यानं हं म्हणायचं. हं आलं की पुढं. हं आलं नाही की समजायचं, पोरगं झोपलं, आता दिवा मालवायचा. इतक्या वर्षांनी, इतक्या लांब, रिकाम्या चौकीत सटवाजी परिच्छेद संपला की थांबायचा. कुणी हं म्हणायचं नाही. मग थोड्या वेळानं स्वतःच पुढं जायचा.

दुसऱ्या की तिसऱ्या बैठकीला त्याला पानावर एक लाल ठिपका दिसला. तिळाएवढा. बोटानं पुसला तर बोटावर आला. वर बघितलं, तर तारेच्या टोकातनं उजेड येत होता. पलीकडनं. सटवाजीनं तोंडातल्या तोंडात एक शिवी दिली, पण पान चांगल्या ठिकाणी आलं होतं. ओवीनं शार्दूलचं जेवण ढगात फेकून दिलं होतं, आणि आता तिलाच भूक लागली होती. त्यानं परिच्छेद पुरा केला आणि थांबला.

ठिपका विझला. आणि पुन्हा लागला.

सटवाजीनं आणखी एक परिच्छेद वाचला. थांबला. ठिपका विझला, लागला. पापणी लवावी तसा.

तो पुस्तक मिटून खाटेवर जाऊन बसला. हं म्हणणारं माणूस बर्फाखाली गेलं, त्याला किती वर्षं झाली होती.

पुढच्या बोलण्याच्या वेळी त्यानं टिळेकर बाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, की बाई, ही पेटी ऐकते तरी कशी? हेमांगी टिळेकर म्हणजे तळाच्या तंतुशास्त्रज्ञ. त्यांना कुणी काही विचारलं की बरं वाटायचं.

“काचेच्या तारेत उजेड सोडला ना गुंजाळ, की त्यातला कणभर उजेड मागं फिरतो,” बाई म्हणाल्या. “काचेत बारीक खडबड असते, तिच्यावरनं. तार केसभर हलली तरी त्या मागं येणाऱ्या उजेडात फरक पडतो. तुम्ही बोललात की टेबल थरथरतं, टेबलाची थरथर तारेला लागते. त्या फरकावरनं आवाज परत घडवायचा. तारेत शब्द पाठवावा लागत नाही. तार स्वतःच कान असते. फक्त तिच्यात उजेड पाहिजे.”

“मग आपल्याला खरखरच का?”

उत्तर तळप्रमुख रणपिसे साहेबांनी दिलं. ते कायम बोलण्याच्या मधे बसलेले असायचे. “कारण पलीकडले बदमाश आहेत. मुद्दाम आपल्यावर उजेड मारतात, आपला कान बधिर करायला. लपवण्यासारखं काही नसतं तर असं करतील का?”

बाई म्हणाल्या, शास्त्र तेवढं खरं आहे. समोरनं थेट उजेड आला, तर आपला मागं फिरणारा कण त्यात दिसायचा नाही. भर उन्हात काजवा शोधावा तसं.

सटवाजीनं मान हलवली आणि पेटी काढून ठेवली. पानावर ठिपका आला. एवढं त्याला कळलं, की तिकडं उजेड आहे म्हणजे कान आहे. आपली पेटी बंद असली की पलीकडल्याला ऐकू येतं. तळाला कळवायला पाहिजे होतं, नियम तसाच होता. त्यानं ओवी कुठवर आली ते शोधलं आणि वाचायला लागला.

मग रोज जेवणानंतर बैठक. सटवाजी खडूसच, पण आवाज बदलून वाचायला लागला. ओवीचा तिखट, शार्दूलचा रडका. मधेच पुस्तक खाली करून ठिपक्याला टोमणे मारायचा. “हा तुमच्यासारखाच आहे बघा, शार्दूल. सुकाणू हातात आणि अक्कल गहाण.” ठिपका दोनदा पटापट विझायचा. ते हसणं होतं की शिवी, सटवाजीला कळायचं नाही, पण तो खूश व्हायचा. एकदा ओवी रात्रभर शार्दूलला आपल्या टाकीतली हवा देते ते पान आलं. ते वाचताना तो बराच वेळ थांबला. ठिपकाही बराच वेळ विझलेला राहिला आणि मग हळूच लागला. त्या दिवशी सटवाजीनं ठिपक्याला हिरामणचं सांगितलं. ताप आलेला, पाळी बदललेली, सगळं. हे त्यानं मैनेच्या आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

शेवटचा अध्याय तेवढा राहिला. तो सावकाश, उद्या वाचू म्हणून त्यानं पानात दोरा घातला आणि झोपला.

पहाटे मोठा हिमकंप झाला. खाट सरकली, भांडी पडली. आपल्या चौकीला काही झालं नाही. जेवणानंतर सटवाजी पुस्तक घेऊन बसला, तर ठिपका नाही.

त्यानं तार हलवली, टोक पुसलं. नाही. मागच्या अध्यायातला एक परिच्छेद वाचून बघितला, थांबला. नाही.

आणि इथं सटवाजी चुकला. दुसरा कुणी असता तर त्याच्या डोक्यात दहा शंका आल्या असत्या. पण त्याच्या घरच्या रीतीनं हं थांबलं म्हणजे ऐकणारं झोपलं, त्याला उठवायचं नसतं. त्यानं पुस्तक मिटलं, दिवा मालवला, पंपाशी जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी तेच. कंटाळला असेल, म्हणाला. पकडला गेला असेल. शेवटी पलीकडलाच तो, म्हणाला. पण दिवा मालवताना हात हळूच फिरवायचा, झोपलेलं पोरगं जागं होऊ नये तसा.

मग बोलण्याचा दिवस आला. बाई आणि साहेब दोघंही तळाच्या टोकाला. सटवाजीनं सवयीनं पेटी जोडली, खरखर ऐकवायला.

खरखर आली नाही.

पेटीतनं एका बाईचा आवाज आला. घोगरा, पार बसलेला. “...तेव्हा ओवी म्हणते, टाकी माझी आहे, श्वास तुझा नाही...” आणि आवाज थांबला. जिथं सटवाजी थांबायचा तिथंच थांबला. मग म्हणाला, “दादा, हं म्हणा की. दार बर्फानं धरलंय. वरचा खांब पडला, माझ्या तळाशी बोलणं होत नाही. हवा जड झालीय. झोप येतीय म्हणून तुमचीच गोष्ट सांगत बसलेय. बरं, पुढं ऐका. शार्दूल काय करतो...”

हे तळावरही ऐकू गेलं. पहिले रणपिसे साहेब बोलले. “सापळा आहे. आपल्या माणसाला बाहेर काढायचा डाव आहे.”

“साहेब, एक मिनिट थांबा,” टिळेकर बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वेगळाच झाला होता. “तिनं तिचा उजेड बंद केलाय. म्हणून आपल्याला ऐकू येतंय. म्हणजे इतकी वर्षं जो उजेड येत होता, तो कान बधिर करायला नव्हता. तीही पेटीच होती. ते नुसतं ऐकत होते. आणि त्यांनाही आपल्या उजेडाची खरखरच ऐकू येत असणार.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे दोघंही ऐकत होतो साहेब. म्हणून दोघांनाही काही ऐकू आलं नाही. एका वेळी एकालाच ऐकता येतं. दुसऱ्यानं आपला उजेड मालवला तरच.”

सटवाजीला एवढं शास्त्र लागत नव्हतं. त्याला एकच कळलं होतं. ती झोपली नव्हती. तिनं उजेड मालवला होता, कारण आता बोलायची पाळी तिची होती. आणि तो इतके दिवस तिला झोपू देत होता.

त्यानं पेटीचा खटका बंद केला आणि परत चालू केला. तिकडं तिची तार टेबलावर पडली असेल, तर तिला दिसायला पाहिजे. त्यानं परत बंद केला, परत चालू.

पेटीतली गोष्ट मधेच थांबली. मग ती म्हणाली, “दिसलं.” आणि रडायला लागली.

साहेबांनी कडा ओलांडायला मनाई केली. तीन वेळा बजावलं. चौथ्यांदा बजावायला सटवाजी तिथं नव्हता. पेटी चालूच ठेवली होती, तिला ठिपका दिसत राहावा म्हणून. तो श्वासपोशाख चढवून, अडीअडचणीला ठेवलेल्या चौकीच्या छोट्या बर्फगाडीवर पंप आणि गरम पाण्याची नळी टाकून निघाला. कड्यावर गाडी दोनदा घसरली. पलीकडची चौकी निम्मी बर्फात गाडलेली. त्यानं नळी लावली आणि दारावरचा बर्फ वितळवत बसला, हाताला संवेदना राहिली नाही तोवर.

दार उघडलं तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. वयानं चाळिशीची, काळीसावळी, केस पिकायला लागलेले. शेवंता पाडवी. टेबलावर तार, तारेपुढं तिचा तळहात, आणि तळहातावर लाल ठिपका. तो जपून धरून बसली होती.

हवा खेळती झाली, तिला जरा तरतरी आली, तशी तिनं सटवाजीला आपल्या पेल्यात चहा दिला. दोघं एका पेल्यातनं प्याले. बोलणं फार झालं नाही. माणसांना तोंडासमोर बोलायची सवय राहिली नव्हती. सटवाजीनं विचारलं, तुमच्याकडं काय म्हणतात, विहीर कुणी फोडली? ती म्हणाली, तुम्ही. तिचा नवरा त्याच पाळीला होता. हिरामणच्या पुढच्या दोरावर. सटवाजीनं उरलेला चहा तिच्याकडं सरकवला.

उठताना तिनं विचारलं, “शेवटाला ती दोघं उतरतात का हो खाली?”

“मला ठाऊक नाही. पुस्तक तिकडं राहिलं.”

“सांगू नका. वाचाच. मी उजेड लावून बसते.”

पण तो चौकीवर पोचला तेव्हा दारात तळाची गाडी उभी होती. हुकूम मोडला म्हणून त्याला, पुस्तकासकट, त्याच गाडीतनं परत आणलं. चौकी पुन्हा कधी दिली नाही. तिला तिच्या लोकांनी काय केलं, कुणाला कळलं नाही.

टिळेकर बाईंनी तळसभेत सगळं उलगडून मांडलं. दोघांपैकी एकानं उजेड मालवला की खरखर संपते. सभेला पटलं. मग प्रश्न आला की आधी कोण मालवणार. जो मालवेल तो उघडा पडणार, त्याचं सगळं दुसऱ्याला ऐकू जाणार, आणि त्याला काही नाही. सभा उठली. पेटीच्या खटक्यावर साहेबांनी लाखेची मोहोर मारली, कुणी बंद करू नये म्हणून. पलीकडंही तेच झालं असणार, कारण खरखर पुन्हा सुरू झाली. अजून आहे.

सटवाजी इथंच पंपघरात राहिला. ह्याच नळाला पाठ लावून बसायचा. मैनेनं कितीदा पुस्तक मागितलं. म्हणायचा, वाचून झालं नाही. ती म्हणायची, काका, एक अध्याय राहिलाय, मी वाचून दाखवू? तर म्हणायचा, ऐकणारं माणूस जागं असताना गोष्ट त्याच्यामागं संपवायची नसते. काही महिन्यांपूर्वी तो गेला. पुस्तक उशाशी होतं, दोरा होता तिथंच.

तो गेल्यावर टिळेकर बाई इथं आल्या होत्या, तुम्ही बसलात तिथंच बसल्या. म्हणाल्या, चौकीवरच्या खरखरीचं ध्वनिमुद्रण त्या इतकी वर्षं तपासतायत. रोज जेवणानंतरच्या वेळेला ती खरखर मधेच तुटते. पापणी लवावी तेवढीच. मग थोडा वेळ जातो, एक परिच्छेद वाचायला लागेल इतका, आणि परत तुटते. रोज. तिकडं कुणीतरी उजेड मालवतंय आणि लावतंय. गोष्ट चालू नसताना कुणीतरी हं म्हणत बसलंय.

ती असेल. किंवा ती गेली असेल, आणि जाताना पुढच्या माणसाला असंच नळाशी बसवून सांगून गेली असेल.

हे घ्या पुस्तक. मैनेनं दिलंय, तिची हरकत नाही. चौकीवर पोचलात की पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर त्या खटक्यावरची लाख नखानं काढा. फार घट्ट नाही. पेटी बंद करा, तारेचं टोक काढून टेबलावर ठेवा, हातदिवा लावा. पानावर ठिपका पडला, तर दोरा आहे तिथनं मोठ्यानं वाचा. घाई करू नका. परिच्छेद संपला की थांबत जा.

एवढं कराल ना? हं म्हणा.